मुलांच्या कलाशिबिरासाठी ग्रामपंचायत, नगरपरिषदेची मदत: ठरावापासून हिशेबापर्यंत

आमच्या वाडीतल्या मुलांच्या दशावतार शिबिराला ग्रामपंचायतीने पहिल्यांदा मदत मंजूर केली तेव्हा आम्ही नारळ फोडला. शिबिर मे महिन्यात झालं. शिंप्याने अकरा पोरांचे अंगरखे रात्री जागून शिवले. त्याचे पैसे मात्र आगोट लागून पेरण्या आटोपल्या तरी मिळाले नव्हते. कारण विचारायला गेलो तर ठरावाची नक्कल समोर ठेवली. त्यात एकच ओळ होती: ‘मंडळास सांस्कृतिक कार्यक्रमासाठी मदत द्यावी.’ किती, कशासाठी, कुठल्या निधीतून, काहीच नाही. असा खर्च पडला असता तर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असता. सही करणारा अडकला असता, म्हणून त्याने सही केली नाही. चूक आमची होती. शिंप्याला शेवटी आम्ही वर्गणी काढून पैसे दिले.

त्यानंतर गेली काही वर्षं हे काम करताना एक गोष्ट पक्की कळली. गावाला मुलांसाठी खर्च करायची इच्छा असते आणि थोडाफार पैसाही असतो. खर्चाचं नाव, रक्कम आणि लेखाशीर्ष (खर्च कुठल्या निधीतून पडणार ते खातं) या तिन्ही गोष्टी ठरावात वेळेवर बसल्या नाहीत, तर तो पैसा मुलांपर्यंत पोचत नाही. म्हणून ‘आमच्या मंडळाला मदत करा’ असं मागूच नका. पंचवीस मुलांच्या अंगावरचे कपडे मागा, चेहऱ्यावरचा रंग मागा, दुपारचा खाऊ मागा.

पैसा कुठल्या खणात असतो

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. तसाच १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी असतो. मुलांच्या शिबिरासाठी तुमचं दार म्हणजे हे १० टक्के. घरपट्टी आणि इतर करांतून पंचायतीचं उत्पन्न समजा तीन लाख असेल, तर या खणात वर्षाला तीस हजार आले. त्यातच अंगणवाडीचं साहित्य आणि बायकांची प्रशिक्षणं बसवायची असतात. हे गणित आधी मांडून पाहिलं की पन्नास हजारांचा अर्ज का पडून राहतो ते कळतं. आपली मागणी या खणाच्या निम्म्याच्या आत ठेवावी, असा माझा अनुभव सांगतो.

शिबिरात एखादं दिव्यांग मूल येत असेल तर त्याच्या ये-जा करण्याचा खर्च ५ टक्क्यांतून होईल का, हे जरूर विचारा. तो निधी कित्येक ठिकाणी मार्चमध्ये घाईघाईने खर्च होतो, त्यापेक्षा हे बरं.

वित्त आयोगाच्या निधीच्या मागे लागू नका. तो मोठा दिसतो, पण १५व्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्यावर रस्ते, गटारं, शाळा दुरुस्तीची रांग असते. तिथे मृदंगाचा नंबर लागणं कठीण.

पंचायतीच्या वर जिल्हा परिषद. तिच्याही स्वतःच्या उत्पन्नाला, म्हणजे सगळे ‘सेस’ म्हणतात त्या निधीला, महिला व बालकल्याणाचा १० टक्के वाटा लागू आहे. तिथल्या योजना मात्र आधी ठरलेल्या असतात आणि अर्ज पंचायत समितीमार्फत जातात. पहिल्या वर्षी तिकडे वेळ घालवू नये. दोन वर्षांचा स्वच्छ हिशेब हातात आला की मग जावं. पालघरच्या किनाऱ्यावर डहाणू, तलासरीकडे पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांना) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला निधी थेट मिळतो आणि त्याचा निर्णय ग्रामसभा घेते. तारपा या आदिवासी वाद्याचं किंवा वारली चित्रकलेचं शिबिर शिक्षणाच्या अंगाने त्यात बसेल का, हे तिथल्या मंडळींनी ग्रामसभेत विचारून घ्यावं.

अर्ज कोणाच्या नावाने

कोकणात बहुतेक वाड्यांचं मंडळ असतंच, पण त्याचे कागद कुठे असतात? पुष्कळदा मुंबईत, परळ-लालबागच्या एखाद्या खोलीतल्या ट्रंकेत. मुंबईकरांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नोंदणी केलेली असते आणि कार्यकारिणीतले निम्मे लोक आता हयात नसतात. ते कागद गणपतीला येताना मागवून घ्या. त्यात तीन गोष्टी पाहा. घटनेत मुलांसाठी शैक्षणिक किंवा सांस्कृतिक काम हा उद्देश लिहिला आहे का? कार्यक्षेत्रात तुमचं गाव येतं का? आणि विश्वस्त बदलल्याचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात दिलेला आहे का? कायद्याने तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. राहून गेला असेल तर उशिराचं कारण लिहून आजच द्या. वर्षाचे हिशेबही ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत सादर करावे लागतात. ते थकलेले असतील तर अनुदान देणारा मागे हटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

नवी संस्था काढायची तर १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी होते. पण केवळ एका शिबिरासाठी हा व्याप नको, असं मी स्पष्ट सांगेन. गावात मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालय असेल, बचत गटांचा ग्रामसंघ असेल, तर त्यांना अर्जदार होण्याची विनंती करा. त्यांचं बँक खातं, पॅन, हिशेब सगळं चालू स्थितीत असतं. काम तुम्ही करा, नाव दोघांचं लावा. किंवा तिसरा रस्ता: संस्थेच्या नावे अनुदान न घेता पंचायतीनेच ‘उपक्रम’ म्हणून शिबिर घ्यावं आणि दुकानदाराला थेट पैसे द्यावेत. छोट्या रकमेला हाच मार्ग मला सर्वांत सुटसुटीत वाटतो. संस्थेच्या नोंदणीचा प्रश्नच उरत नाही.

वर्षाची आखणी आपल्या पंचांगाने

सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. आपलं वर्ष वेगळं. जून-जुलै भातलावणीत जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार वाड्यांत बाबा मंडळी घरी असतात. मग नारळी पौर्णिमा, गणपती. कार्तिकापासून जत्रा आणि दशावतारी कंपन्यांचा हंगाम, मग शिमगा. मोठी शिबिरं घ्यायला उरतात दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. त्यात खऱ्या कलाकाराला दहा दिवस मोकळे मिळणं मे महिन्याच्या उत्तरार्धातच शक्य होतं, कारण तोवर जत्रांचा भर ओसरलेला असतो.

आता उलटं मोजा. मे महिन्यात शिबिर हवं तर खर्च एप्रिलपासूनच्या नव्या अंदाजपत्रकात असायला हवा. अंदाजपत्रकाची तयारी थंडीत होते. गावाच्या विकास आराखड्याची चर्चा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. म्हणजे तुमचा अर्ज गणपती विसर्जन झालं की आठवड्याभरात पंचायतीत पडला पाहिजे. लोक मार्चमध्ये अर्ज घेऊन धावतात आणि ‘निधी नाही’ ऐकून परततात. तेव्हा निधी खरोखरच नसतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या मंजुऱ्या थांबतात, तेही ध्यानात ठेवा.

अंदाजपत्रक: एक नमुना

दहा दिवसांचं शिबिर, पंचवीस मुलं. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदला.

मुख्य शिक्षक कलाकार, १० दिवस, रोज १,००० रुपये: १०,०००
मृदंगाची साथ, १० दिवस, रोज ५००: ५,०००
रंगभूषेचं साहित्य: ३,५००
कापड आणि शिलाई: ६,०००
खाऊ, २५ मुलं, १० दिवस, रोज २०: ५,०००
शेवटच्या दिवशी ध्वनिव्यवस्था: ३,०००
कलाकारांचा प्रवास: १,५००
छपाई: १,०००
एकूण: ३५,०००

यातले रंग, कापड-शिलाई आणि खाऊ, म्हणजे १४,५०० रुपये, पंचायतीकडे मागायचे. ध्वनी, प्रवास, छपाई असे ५,५०० मंडळाचे. आणि कलाकारांच्या मानधनाचे १५,००० लोकवर्गणीतून, मुंबईकरांकडून, जिथून जमेल तिथून आधी उभे करायचे.

मानधन पंचायतीच्या वाट्याला का नाही, असं विचाराल. पंचायतीचा पैसा येतो, पण त्याच्या वेळेने येतो. दुकानदार महिनाभर थांबू शकतो. ज्याने हंगामभर रात्री जागून गावोगाव नाटकं केली आणि आता आपल्या पोरांना शिकवायला दहा दिवस दिले, त्या कलाकाराला शेवटच्या दिवशी हातात पाकीट मिळालंच पाहिजे. ‘बिल पास झालं की देतो’ असं त्याला सांगायची वेळ येऊ देऊ नका. आपल्या कलाकारांनी हे वाक्य फार ऐकलं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. असा मान थोड्यांच्याच वाट्याला येतो. बाकीच्यांचा मान म्हणजे वेळेवर दिलेलं मानधन.

प्रत्येक मोठ्या बाबीला तीन दरपत्रकं जोडा. शिंपी गावात एकच असेल तर शेजारच्या दोन गावांतून घ्या.

ठराव: इथे घाई नको

अर्ज दोन प्रतींत द्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका, ‘पोच द्या’ असं हसून पण ठामपणे सांगा. ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याशी आधी बसून बोला. १० टक्क्यांत यंदा किती शिल्लक आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

ग्रामसभेची विषयपत्रिका निघण्याआधी आपला विषय तीत जायला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात आलेला खर्च कच्चा मानला जातो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. मुलांच्या आयांना तिथे पाठवा. महिला सभेने शिफारस केलेला बालकल्याणाचा खर्च ग्रामसभेत कोणी अडवल्याचं मी पाहिलं नाही. आराखड्याच्या वेळी बालसभाही घेतात. मुलांनाच उभं राहून बोलू दे. आमच्याकडे पाचवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘माका संकासूर करूचो आसा.’ संकासूर म्हणजे दशावतारातला राक्षस. सगळी सभा हसली, कारण दशावतारात स्त्रीपार्टसुद्धा पुरुषच करत आले. ती खाली बसली नाही. ‘मगे माजे कपडे कोण शिवतला?’ असं तिने थेट सरपंचबाईंना विचारलं. त्या वर्षी कापडाची रक्कम कोणी एक शब्दही न काढता मंजूर झाली.

सभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. सभा तहकूब झाली तरी खचू नका. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्या दिवशी मात्र तुम्ही हजर हवेत, नाहीतर विषय वाचलाच जात नाही.

ठरावाचा मजकूर आपणच लिहून न्यावा. मी साधारण असा नेतो:

‘मौजे … येथील … मंडळाच्या दि. … च्या अर्जानुसार, ८ ते १४ वयोगटातील २५ मुला-मुलींसाठी दि. … ते … या काळात ग्रामपंचायत सभागृहात दहा दिवसांचे दशावतार लोककला शिबिर घेण्याचे ठरले आहे. त्यासाठी रंगभूषा साहित्य रु. ३,५००, वेशभूषेचे कापड व शिलाई रु. ६,००० आणि मुलांचा खाऊ रु. ५,०००, असे एकूण रु. १४,५०० (अक्षरी चौदा हजार पाचशे रुपये) ग्रामनिधीतील महिला व बालकल्याण १० टक्के तरतुदीतून खर्च करण्यास, तसेच सभागृह विनामूल्य देण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक …, अनुमोदक …, सर्वानुमते मंजूर.’

सभागृहाचं वाक्य विसरू नका. भाडं माफ होणं हेही अनुदानच आहे. शाळेचा वर्ग वापरणार असाल तर शाळा व्यवस्थापन समितीचा वेगळा ठराव लागेल.

ग्रामसभेनंतर पंचायतीच्या मासिक सभेत प्रत्यक्ष खर्चाला मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळ मंडळी ग्रामसभा झाली की निर्धास्त होतात, आणि इथेच गाडी अडते. मासिक सभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्याशिवाय कापड फाडू नका.

शहरात राहत असाल तर

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग इथे नगरपरिषदा आहेत. कुडाळ, देवगड-जामसंडे, गुहागर, दापोली इथे नगरपंचायती. दोन्हींना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे. तिथे ग्रामसभा नसते, सगळं सर्वसाधारण सभेतून जातं. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा, प्रत नगराध्यक्षांना आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना. शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य आणि महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. दोघींपैकी कोणाच्या तरतुदीत आपलं काम बसतं ते लेखा विभागात विचारा आणि अर्जात त्याच समितीचं नाव घाला. दोन समित्यांकडे एकच अर्ज नको, तो मग टेबलांमध्येच फिरत राहतो. नगरपरिषदेचं नाट्यगृह किंवा सभागृह सवलतीत मिळवणं रोख मदतीपेक्षा सोपं असतं. पहिल्या वर्षी तेवढंच मागितलं तरी चालेल.

खरेदी आणि बिलं

पंचायत थेट दुकानदाराला पैसे देणार असेल तर बिल पंचायतीच्या नावे हवं. संस्थेला अनुदान मिळणार असेल तर संस्थेच्या नावे. उलटं झालं की बिल परत येतं आणि दुकानदार नवं द्यायला कुरकुर करतो. खरेदीला जाताना नाव कसं लिहायचं याची चिठ्ठी खिशात ठेवा. बिलाची तारीख मंजुरीच्या नंतरची असावी. ५,००० रुपयांवरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यावी.

रंग घेताना पैशाकडे बघू नका. जुने नट काय काय फासायचे हे ऐकून अंगावर काटा येतो. मुलांसाठी पाण्याने निघणारा, त्वचेसाठी बनवलेला रंगच घ्या आणि आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ठेवा. सकाळी लाल दिसलं तर त्या मुलाला मुखवटा द्या.

मुलांची जबाबदारी

हे अनुदानाच्या अर्जात कोणी विचारत नाही, तरी मी दरवर्षी एक पान जोडतो. पालकांचं संमतिपत्र, त्यात आजार, औषधं आणि फोन. फोटो काढायला व लावायला परवानगी आहे की नाही, हे वेगळं विचारायचं. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. रंगभूषा आणि कपडे बदलणं आडोशाला, पण एका माणसाच्या ताब्यात कधीच नाही. वाडी लांब असेल तर संध्याकाळी कोण नेणार त्याची यादी. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यायचा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गावातलं गावात मिटवू’ हा पर्याय नाही, आणि तो माणूस कितीही मोठा कलाकार असला तरी नाही.

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. दहीकाला, म्हणजे जत्रेतला दशावतारी खेळ, रात्रभर चालतो हे खरं, पण पोरांचा खेळ सातला सुरू करून नऊला संपवावा.

हिशेब

शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांत फाइल द्या. ठरावाची नक्कल, मूळ बिलं, रोजची हजेरी (पालकाची नाही, मुलांची सही, मुलं ती फार मन लावून करतात), चार-पाच फोटो, एक पानाचा अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच लागल्याचा दाखला. १४,५०० पैकी १३,९०० खर्च झाले असतील तर ६०० परत करा आणि पावती घ्या. सगळ्याची एक प्रत स्वतःकडे. पैसे रखडले तर आधी भेटा, मग लेखी स्मरणपत्र द्या, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा हक्क आहे, ३० दिवसांत उत्तर मिळतं. पण ज्यांच्यासोबत पुढच्या वर्षी काम करायचंय त्यांच्यासाठी तो अगदी शेवटी.

पंचायतीच्या पैशातून घेतलेले अंगरखे आणि मुखवटे पंचायतीच्या मालकीचे असतात. ते धुऊन, मोजून, जडवस्तू नोंदवहीत चढवून परत करा. आमचे अंगरखे आता पंचायतीच्या पत्र्याच्या कपाटात, खालच्या खणात, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेले आहेत. संकासुराचा काळा झगा त्या मुलीने स्वतः घडी घालून ठेवला. नोंदवहीत नगाचा रकाना होता, तिथे ‘१’ लिहून झाल्यावर शेरा या रकान्यात तिने विचारून एक ओळ घातली: ‘पुढच्या वर्षी थोडा लांब करावा.’